कप्पेशेठ समुद्रावर निघतात

३ एप्रिल, शनिवार. ऊन लवकर चढले. गादीची खोळ धुतली, दुपारपर्यंत वाळली. वाण्याकडून तांदूळ आले. या खेपेस खडे कमी. धाकट्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. तिने आईवडिलांसाठी समुद्रकाठच्या एका हॉटेलात आठवडाभर खोली घेतली आहे, चोवीस तारखेला निघायचे. धाकटीला बोलवेना. मेहुणे म्हणाले, बघू.

मेहुण्यांच्या तोंडून ‘बघू’ निघाले की त्याचा अर्थ ‘नाही’ असतो, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाआधी तिला नर्सिंग शिकायचे होते, तेव्हाही ते ‘बघू’च म्हणाले होते. ती शिकली ती त्यांना बघायला न लावता.

त्यांचे बॅगांचे दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि रस्त्याच्या पलीकडे बरोबर समोर मी राहते. त्यामुळे त्यांचा संसार मी न मागता पाहत आले आहे. गल्लीत त्यांना सगळे कप्पेशेठ म्हणतात. गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आत आले की ते बॅगेचा जबडा उघडतात आणि कप्पे दाखवायला लागतात. हा कागदपत्रांचा, हा ओल्या कपड्यांचा, हा दाढीच्या सामानाचा आणि हा चोरकप्पा. “चोराला सापडत नाही, मालकालाही सापडत नाही,” असे म्हणून ते स्वतःच आधी हसतात. गिऱ्हाईक नवे असते, म्हणून तेही हसते.

हा माणूस जन्मात कुठे गेलेला नाही. घाऊक बाजारात जातो आणि दिवे लागायच्या आत परत येतो. पण विमानात डोक्यावरच्या फळीत कोणती बॅग बसते, खाऱ्या वाऱ्याने कोणती चेन गंजते, थंडीत कोणते चाक अडते, हे असे सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावे, स्वारी परवाच जगाला फेरी मारून उतरली आहे. उंटावरचे शहाणे निदान उंटावर तरी बसलेले असतात.

धाकटी बसते मागच्या खोलीत. तुटलेली हँडले, निसटलेल्या चेनी, उसवलेली अस्तरे असे सगळे तिच्याकडे जाते. रेक्झिनमधून सुई दाबून दाबून तिचा उजवा अंगठा आता सरळ होत नाही. डॉक्टरीणबाईंनी हाताला पूर्ण विश्रांती सांगितली, तेव्हा मेहुणे त्यांना म्हणाले, “बसूनच तर असते.” डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. धाकटी मात्र खाली मान घालून हसली. तिचे ते हसणे मला मेहुण्यांइतकेच चीड आणते.

समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. कारण साधे आहे. लोकांना सुट्ट्या लागल्या की बॅगांचा सीझन सुरू होतो. सगळे गाव निघाले की यांनी थांबायचे. सीझन सरतो तेव्हा पाऊस लागतो, आणि पावसात समुद्रावर कोण जाते? दरवर्षी ती दुसऱ्यांच्या बॅगा शिवून त्यांना रवाना करायची. काही बायका परत आल्या की बॅगेतली वाळू झटकायलासुद्धा तिच्याकडेच टाकून जात.

“मला फक्त गुडघाभर पाण्यात उभं राहायचंय, ताई,” ती मला म्हणाली. “आणि कोणी हाक मारायची नाही.”

मुलीने फोनवर बजावले होते, “आई, या वेळी गेली नाहीस तर मी पुन्हा विचारणार नाही. दर वेळी रजा काढून तुमच्यासाठी खटपट करायची आणि बाबांनी पाणी ओतायचं. मी दमले.” ती पोरगी बोलते तसे करते. तेव्हा ही संधी गेली की गेली, हे धाकटीला कळत होते. मलाही कळत होते. मेहुण्यांनाही चांगले कळत होते.

पण दोन दिवसांनी चमत्कार झाला. मेहुणे एकाएकी उत्साहाने फुलून आले. काचेच्या कपाटात त्यांनी एकसारख्या दोन निळ्या बॅगा मांडल्या आणि वर रंगवून घेतलेली पाटी लावली: ‘मालक आणि मालकीणबाई स्वतः याच बॅगा घेऊन समुद्रावर जात आहेत.’ खाली लाटा, सूर्य आणि एक झाड. झाड कोबीसारखे दिसत होते.

मग तयारी सुरू झाली. समुद्रावर आराम करायला जाणाऱ्या माणसाला काय लागते? अंगावरचे कपडे, बदलायचे कपडे आणि तोंड मिटून बसायची अक्कल. मेहुण्यांना लागली रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, फुगवायची उशी, गुंडाळायची चटई आणि गळ्यात अडकवायची पाणी न शिरणारी पिशवी. सगळे दुकानातले. आणि सगळ्याला टॅग तसेच. “टॅग काढायचे नाहीत,” त्यांनी धाकटीला बजावले. “आल्यावर पुसून फळीवर ठेवायचंय.”

“अहो, टोपीचा टॅग डोळ्यावर येतो.”

“आत खोच. तुझं डोकं बघायला कोण येतंय तिकडे?”

रबरी चपलांच्या जोडीला मध्ये एक दोरा असतो, जोडी हरवू नये म्हणून. तोही तोडू देईनात. धाकटीने चपला मापाच्या आहेत का ते पाहायला दुकानात दोन पावले टाकली, बेडी घातलेल्या कैद्यासारखी. मेहुणे म्हणाले, “छान. वाळूत असंच चालायचं असतं, छोटी छोटी पावलं.” त्यांनी वाळू पाहिली ती बांधकामावरची.

स्वतः ते फुलाफुलांचा शर्ट घालून दुकानाबाहेर घडीच्या खुर्चीत पडून राहू लागले. डोळ्यांवर काळा चष्मा, चष्म्याच्या काचेवर गोल चिकटपट्टी. येणारा जाणारा विचारी, काय शेठ, कुठे? मग ते अर्धवट उठून सांगत, “चोवीसला निघतोय. आराम. पूर्ण आराम.”

शेजारच्या न्हाव्याने एकदा कात्री हातात घेऊनच विचारले, “कप्पेशेठ, पोहता येतं का?”

“पोहायला कोण चाललंय? आराम वेगळा, पोहणं वेगळं.”

“आराम तर तुम्ही इथेच करताय की. तेवढ्यासाठी समुद्राला कशाला त्रास?”

न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस मानेला फडके बांधलेले असतानाही हसला. मेहुणे गंभीरपणे म्हणाले, “ज्याने प्रवास केलाय त्यालाच कळतं.” न्हाव्याने माझ्याकडे पाहिले. मी भाजी घेऊन घरी गेले.

पाटीचा मात्र परिणाम झाला. माणसे मूर्ख असतात. मालक जी बॅग नेतो ती चांगलीच असणार, असे म्हणून जो तो निळी बॅग मागू लागला. मेहुण्यांना बसल्या जागी समुद्र लाभला.

इकडे धाकटीने मागच्या खोलीत, दुरुस्त्यांमधून सवड काढून, पाण्यात उतरायला एक पोशाख शिवला. दुकानातला तयार पोशाख तिला लाज वाटेल असा होता, आणि त्याला टॅगही होताच. म्हणून तिने बॅगांच्या अस्तराचे उरलेले तुकडे जोडले. करड्या रंगाचे, बारीक चौकड्यांचे, पाणी न धरणारे कापड. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय, आणि सवयीने डाव्या बाजूला चेनचा एक कप्पा. माझ्या घरी येऊन, दार लावून, तिने तो घालून दाखवला.

“पोत्यासारखी दिसतेस,” मी म्हटले.

“पोतं तर पोतं. भिजणार तर आहे ना?”

तिची शिलाई मी उलटून पाहिली. आम्हा दोघींना कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी टाके घालायला शिकवले होते; माझे तेव्हाही वाकडे यायचे आणि तिचे तेव्हाही सरळ. या पोशाखात एक टाका वाकडा नव्हता. त्या अंगठ्याने ती ते कसे करते, देव जाणे.

तिने आपली निळी बॅग आठवडाभर आधीच भरून ठेवली. तळाशी टॉवेल, त्यावर कपडे, बाजूला औषधे, आणि सगळ्यांत वर तो पोशाख, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून जुन्या ओढणीत गुंडाळून. भरल्यावर बॅग मेहुण्यांनी उचलली आणि खाली कपाटात नेऊन ठेवली.

“अहो, माझे कपडे आहेत त्यात.”

“म्हणूनच. कागद कोंबलेली बॅग मेलेली दिसते. कपडे भरलेली बॅग बघ कशी अंग धरते. माझीही ठेवली आहे शेजारी. जोडी शोभते.”

“आणि कोणी उघडली तर?”

“किल्ली माझ्या खिशात आहे. तू कशाला काळजी करतेस?”

एवढ्याशा कारणावरून बेत मोडू नये म्हणून ती त्या दिवसांत प्रत्येक गोष्टीला गप्प बसत होती. सांजवेळी दुकान बंद करताना ती काचेजवळ थांबून दोन्ही बॅगा पाही. मला खिडकीतून दिसत असे.

शुक्रवारी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, मी दुकानात होते. धाकटीला प्रवासात लागेल म्हणून थर्मास द्यायला गेले होते. एक मास्तर आणि त्यांची बायको आत आली. मास्तरांना निळी बॅग हवी होती. एक नाही, दोन. “जोडीने जायचंय,” बायको म्हणाली. बाईंचा आवाज गोड होता.

“संपल्या हो,” मेहुणे म्हणाले. “पुढच्या आठवड्यात येतील.”

“आम्ही परवाच निघतोय. त्या काय दोन आहेत की कपाटात.”

“त्या आमच्या आहेत. मी आणि ही, उद्याच निघतोय.”

“मग राहू द्या,” मास्तर म्हणाले आणि वळले. “मोठ्या बाजारात पाहू.”

मोठा बाजार हे शब्द मेहुण्यांच्या कानात शिरले आणि त्यांचा चेहरा पालटला. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने बाहेर पडताना पाहणे त्यांना पोटदुखीसारखे आहे. “थांबा, थांबा,” म्हणत त्यांनी कपाट उघडले, दोन्ही बॅगा काढून काउंटरवर ठेवल्या आणि खिशातून किल्ली काढली.

आधी त्यांनी स्वतःची बॅग उघडली. आत वर्तमानपत्रे होती. चुरगाळून, गोळे करून, बेताने कोंबलेली. कपड्याचे एक चिंधूक नव्हते. मेहुण्यांनी सराईतपणे दोन हातांनी कागद उपसले आणि बॅग उलटी करून झटकली.

धाकटी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. “अहो,” ती म्हणाली, “तुमचे कपडे?”

“भरायचे आहेत अजून.”

“उद्या सकाळी बस आहे.”

“अगं हो, बघू ना,” ते म्हणाले. त्यांचे लक्ष दुसऱ्या बॅगेच्या कुलपात होते.

मास्तरांच्या बायकोच्या ध्यानात आले. “अहो, यांची नको,” ती नवऱ्याला म्हणाली. “आपण दुसरी पाहू.” पण तोवर मेहुण्यांनी बॅग उपडी केली होती. टॉवेल, औषधे, धाकटीचे आतले कपडे, सगळे काउंटरवर, काउंटरवरून खाली. ओढणी सुटली आणि तो करडा पोशाख पसरला. मेहुण्यांनी तो खांद्यांना धरून उंच केला.

“हे काय शिवलंस? आपलं अस्तर ना हे?” मग गिऱ्हाइकाकडे वळून, “बघा, आमच्या बॅगेचं अस्तर किती मजबूत. बाई घालून पोहायला निघाल्या.”

मास्तर हसले नाहीत. त्यांची बायको खाली वाकून औषधाच्या बाटल्या उचलू लागली. मी थर्मास काउंटरवर ठेवला. मला वाटते तो जरा जोरात ठेवला गेला.

“खाली ठेवा ते,” मी म्हटले.

“अहो ताई, गंमत केली. घरच्या घरी.”

“हे घर नाही, दुकान आहे. हे तुम्हालाच जास्त चांगलं माहीत असतं.”

धाकटी पुढे आली, त्यांच्या हातातून पोशाख घेतला, एकेक कपडा उचलून घडी घातली. बाईंनी बॅग घ्यायचे नाकारले. मास्तरही नको म्हणाले. मेहुणे मात्र दोन्ही बॅगा त्यांच्या हातात कोंबतच राहिले, चेन मागेपुढे ओढून दाखवत राहिले, आणि शेवटी ती दोघे केवळ तिथून सुटावे म्हणून त्या घेऊन गेली.

ती गेल्यावर मेहुणे हात झटकत म्हणाले, “हे बघ, आता बॅगाच नाहीत. मी काय म्हणतो, मुलीला सांग, तारीख पुढे ढकल. पावसाळ्यात जाऊ. गर्दी नसते, निवांत. समुद्र काय पळून जातोय?”

“तुम्ही कपडे भरलेच नव्हते,” धाकटी म्हणाली.

“सीझनमध्ये दुकान कोणावर टाकून जाऊ? तूच सांग.”

“मग पाटी कशाला लावली?”

“पाटीने किती माल गेला, पाहिलास ना?”

हे ते अभिमानाने म्हणाले. मला त्यातले सर्वांत किळसवाणे वाटले ते हेच. लबाडी पकडली गेली म्हणून माणूस वरमतो, निदान खाली पाहतो. यांना वाटत होते, आता बायको शाबासकी देईल.

धाकटीने कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरला आणि रस्ता ओलांडून माझ्या घरी आली. मी कपाटावरून आमच्या ह्यांची कॅनव्हासची बॅग काढली. हे गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. एकच कप्पा, एकच पट्टा, चाके नाहीत. धाकटीने ती आतून बाहेरून चाचपली, बाजूची शिवण निघालेली पाहिली आणि माझ्याकडे सुईदोरा मागितला.

“तू हात लावू नकोस. मी घालते,” मी म्हटले. मी घातलेले टाके तिने पाहिले. ओठ दाबले. रडू आवरत होती की हसू, ते मी विचारले नाही.

“ताई, तू चल माझ्याबरोबर. तिकिटं दोन आहेत.”

“मी नाही येणार. मला वाळूचा तिटकारा आहे, आणि तुझ्या त्या पोत्याशेजारी बसून लोकांच्या नजरा कोण झेलणार?”

“मग मी एकटी कशी जाऊ?”

“बसमध्ये चढ, बस जाते तिथे उतर. त्यात दोघांचं काय काम आहे?”

तिने एकेक कपडा बॅगेत भरला. मग म्हणाली, “टोपी राहिली दुकानात.”

“राहू दे. टॅगसकट विकतील.”

यावर ती खरोखर हसली, तोंडावर हात न धरता.

शनिवारी सकाळी ती माझ्याच घरून निघाली. मेहुणे दुकानासमोर उभे होते, अंगात फुलाफुलांचा शर्ट. न्हावी दुकान उघडत होता. मेहुणे त्याला म्हणाले, “कोपऱ्यावरून परत येते बघ. एकटी कधी गेली आहे का ती?” एवढ्या मोठ्याने म्हणाले की तिला ऐकू जावे. तिला ऐकू गेले. ती कोपऱ्यावर थांबली, बॅगेचा पट्टा दुखऱ्या हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि वळली. न्हाव्याने शटर अर्धे वर केले होते, ते तसेच धरून तो पाहत राहिला.

“काय शेठ,” तो म्हणाला, “आराम तर निघाला.”

दिवसभर मेहुणे गिऱ्हाइकांना सांगत होते, “मंडळी पुढे गेली आहेत, मी मागून जाणार.” पाटी काढली नव्हती. मागच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या बॅगांची रास लागली होती. एका बाईंची चेन त्यांनी स्वतः बसवायला घेतली आणि चेन ओढायचा रनर उलटा घातला. बाई काय बोलल्या ते मला रस्त्यापलीकडून नीट ऐकू आले नाही, याचे वाईट वाटते.

दिवे लागता लागता धाकटीचा फोन आला. मागे इतका आवाज होता की तिला ओरडून बोलावे लागत होते.

“पोहोचलीस?”

“केव्हाच.”

“काय करतेस?”

“उभी आहे.”

“कुठे?”

“पाण्यात,” ती म्हणाली. “ताई, हे खेचतं ग. पायाखालची वाळू खेचतं. फोन भिजेल, ठेवते.” आणि ठेवला. कोणाची चौकशी केली नाही.

थोड्या वेळाने मेहुणे दारात आले. फुलांच्या शर्टाची बाही चेनला घासून काळी झाली होती.

“ताई, तिचा फोन आला होता का? मला नाही आला.”

“मला आला.”

“काय म्हणाली? कधी येते परत?”

“आठवडा झाला की.”

ते चौकटीला टेकले. आत यायची वाट पाहत होते. मी चौकटीतून हलले नाही. मग म्हणाले, “माझ्या जेवणाचं काही...”

“खानावळ कोपऱ्यावर आहे. कोपऱ्यापर्यंत एकटं जाता येतं.”

ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. माझी चेष्टा चालली आहे की काय, असा विचार करत असावेत. त्यांना असे विचार करायला वेळ लागतो. मग जिना उतरले, रस्ता ओलांडला, आणि खानावळीकडे न जाता दुकानातच शिरले. एक बाई फळीवरच्या टोपीला हात लावून पाहत होती.

मी दार लावून वही काढली. २४ एप्रिल, शनिवार. धाकटी सकाळच्या बसने गेली. सुखरूप पोहोचल्याचा फोन. धोब्याकडून दोन चादरी आल्या, एकीवर डाग तसाच. कुकर बाजूने वाफ सोडतो, शिटी होत नाही. नवी रिंग आणायची.